डॉक्टर जेवायला थांबेल का?

आमच्या सासूबाईंनी ‘डॉक्टर हू’ ही टीव्ही मालिका आयुष्यात एकदाच पाहिली. तेही तासभर, आणि त्यातला निम्मा वेळ त्या नातीला थोपटत होत्या. पण तेवढ्यावर त्यांनी जे मत दिलं, ते मला गेल्या एकोणीस वर्षांत खोडून काढता आलेलं नाही.

साल २००६. त्या रत्नागिरीहून लंडनला आल्या होत्या लेकीच्या बाळंतपणासाठी. एरवी डिसेंबरात इथे हौसेनं कुणी येत नाही. दुपारी चारला दिवेलागण होते आणि सकाळी आठपर्यंत उजाडत नाही. आमच्या हॅरोच्या घरात आल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी बाळाला ओव्याची धुरी दिली. छतावरचा स्मोक अलार्म असा काही बोंबलला की शेजारचे काका शिडी घेऊन धावत आले. दोन वर्षं शेजारी राहून आमची ‘हॅलो’च्या पुढे ओळख नव्हती, ती ओव्यानं करून दिली. जाताना काका नाताळच्या जेवणाचं आमंत्रण देऊन गेले. सव्वा महिना झालेला नसताना बाळंतिणीला बाहेर कसं न्यायचं, हा प्रश्न होता. सासूबाईंनी निर्णय दिला, “शेजार म्हणजे बाहेर नव्हे.”

काका मेट्रोपोलिटन लाइनवर गाडी चालवायचे. त्यांच्याकडून कळलं की २५ डिसेंबरला लंडनची अंडरग्राउंड रेल्वे बंद असते आणि बससुद्धा. वर्षातला एवढा एकच दिवस त्यांच्या नोकरीत हमखास सुट्टीचा. त्यामुळे स्वतःची गाडी नसलेला माणूस त्या दिवशी लांब कुणाकडे जेवायला गेला, की तो वस्तीलाच आला असं यजमान धरून चालतात. ‘चला, निघतो’ म्हणून सुटायची सोय नाही. त्या दिवशी अख्ख्या लंडनमध्ये धावणारं सार्वजनिक वाहन म्हणावं असं एकच, तेही ‘डॉक्टर हू’मधलं: निळं, लाकडी, जुन्या काळच्या पोलिसांच्या टेलिफोनच्या खोक्यासारखं दिसणारं आणि आतून वाड्याएवढं मोठं. त्याचं नाव टार्डिस. ते चालवणारा माणूस जेवणाची वेळ झाली की नेमका ‘येतो’ म्हणतो. आपणही निघताना ‘येतो’च म्हणतो म्हणा. फरक इतकाच, की हा खरंच येतो, पण कधी तीनशे वर्षं आधी, कधी दोन वर्षं उशिरा.

ज्यांनी ही मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ला ती सुरू झाली. तिच्या पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन जन्मानं लखनौचे, आणि तेव्हा पंचविशीचेसुद्धा नव्हते. नायक परग्रहावरचा. त्याला हृदयं दोन, नाव एकही नाही, सगळे नुसतं डॉक्टर म्हणतात. मरायची वेळ आली की तो कात टाकल्यासारखं शरीर बदलतो आणि नवा नट कामाला लागतो. ही सोय कुणाला सुचली असेल त्याला मी दरवर्षी मनातल्या मनात नमस्कार करतो. १९८९ला मालिका बंद पडली, २००५ला पुन्हा सुरू झाली आणि तेव्हापासून नाताळच्या संध्याकाळी तिचा खास भाग दाखवायची प्रथा पडली. सहा-सातचा सुमार. दुपारी तीनला तेव्हा राणीचं भाषण झालेलं, पोटात टर्की गेलेली, माणसं सोफ्यावर कलंडलेली. पृथ्वीवर हल्ला करायला याहून सोयीची वेळ नाही, हे परग्रहवासीयांनाही ठाऊक असावं.

तर जेवणाचं टेबल. मधोमध टर्की. तिला पाहून सासूबाई मला हळूच म्हणाल्या, “ही कोंबडीची थोरली जाऊ दिसते.” उकडलेले स्प्राउट्स म्हणजे त्यांच्या लेखी कोबीची पिल्लं, त्यांना आईपासून इतक्या लवकर का तोडलं, असा त्यांचा प्रश्न. मग क्रॅकर आले. क्रॅकर म्हणजे चकचकीत कागदाची पुंगळी. दोघांनी दोन टोकं धरून ओढायची, फट्ट आवाज होतो आणि आतून कागदी मुकुट, एक फुटकळ खेळणं आणि एक अत्यंत पडेल विनोद निघतो. मुकुट घालायचाच असतो. सासूबाई सुती नऊवारी, त्यावर शाल, पायात जावयाचे लोकरी मोजे आणि अंबाड्यावर जांभळा मुकुट अशा थाटात सोफ्यावर बसल्या, मांडीवर नात.

सातला ‘द रनअवे ब्राइड’ लागलं. पांढऱ्या झग्यातली नवरी चर्चमध्ये नवऱ्याकडे चालत निघालीय, तेवढ्यात ती उजळून नाहीशी होते आणि थेट डॉक्टरच्या यानात प्रकटते. कॅथरीन टेट नवरी, डेव्हिड टेनंट डॉक्टर. मी कानात भाषांतर करत होतो. सांताक्लॉजचा मुखवटा घातलेला यंत्रमानव टॅक्सी चालवतो, निळं खोकं हमरस्त्यावर उडत त्या टॅक्सीचा पाठलाग करतं, नवरी धावत्या टॅक्सीतून उडी मारते. हे सगळं त्यांनी नुसत्या ‘हं’वर पास केलं. जिनं जन्मभर शिमग्यात नमन-खेळे पाहिले, अंगावर धावून येणारा संकासुर पाहिला, तिला उडत्या खोक्याचं काय?

नवरी पळाली तरी नातेवाइकांनी तिच्यावाचून रिसेप्शन चालू ठेवलं होतं. मला वाटलं त्या चिडतील. “बरोबर केलं,” त्या म्हणाल्या, “आचाऱ्याचे पैसे दिलेले असतात.” मग नवऱ्या मुलाचं बिंग फुटलं. तो तिला ऑफिसात रोज कॉफी आणून द्यायचा आणि त्या कॉफीतून कसले तरी प्राचीन कण पाजायचा. कुणाच्या सांगण्यावरून, तर एका अवाढव्य लाल कोळिणीच्या. इथे माझ्या भाषांतरानं घात केला.

“कोळीण? कुठली? मिरकरवाड्याची?”

“तशी नव्हे हो, आठ पायांची.”

“मग कोळी म्हणा की. आणि कॉफीतून पाजत होता? तरी मी हिला सांगत असते, बाहेरचं काही पिऊ नये.”

शेवटी डॉक्टर थेम्स नदी पृथ्वीच्या पोटात सोडतो, कोळिणीची पिल्लं बुडतात, नदी कोरडी पडते. काका अस्वस्थ झाले. पडद्यावर जग वाचल्याचा आनंद, आणि हे पुटपुटताहेत की एवढं पाणी खाली गेलं म्हणजे आमच्या बोगद्यांत किती शिरलं असेल.

खरा प्रकार त्यानंतर घडला. डॉक्टर नवरीला तिच्या दारात सोडतो. घरात आईबाप, दिवे, उबारा. ती त्याला जेवायला ये म्हणते. तो आढेवेढे घेतो, मग हो म्हणतो, फक्त यान नीट लावून येतो म्हणून आत शिरतो. आणि खोकं गुरगुरत विरायला लागतं! ती किंचाळते तेव्हा तो ओशाळून डोकं बाहेर काढतो, चार शब्द बोलतो, आणि जातो तो जातोच.

सासूबाईंचं थोपटणं थांबलं. “गेला ना उपाशी!”

काकूंनी विचारलं, काय म्हणाल्या? मी सांगितलं. काकूंनी मान डोलावली.

“एवढं केलं मेल्यानं तिच्यासाठी,” सासूबाई म्हणाल्या, “आणि ती दारातनं विचारते. दारातनं विचारलं की माणूस नाहीच म्हणतो. आत घ्यायचं, पान मांडायचं, वाढायचं, मग विचारायचं.” थोडा वेळ गेला. “त्या आठ पायांच्या बाईची गोष्टच नाही ही. हा बाबा कुणाकडे जेवतो की नाही, एवढीच गोष्ट आहे.”

मी तेव्हा हसलो. विज्ञानकथा म्हणून काही असतं, काळाचा प्रवास, त्यातले पेच, हे समजावून पाहिलं. मग एक-एक खास भाग पुन्हा बघायला घेतला, सासूबाई चुकताहेत हे दाखवायला. आणि फजिती झाली ती माझी.

त्याच्या आदल्या वर्षीचाच घ्या, २००५चा, ‘द ख्रिसमस इनव्हेजन’. टेनंटचा डॉक्टर नुकताच शरीर बदलून आलाय, म्हणजे बाळंतपणच म्हणा, आणि अर्ध्याहून जास्त कथा तो परक्याच्या पायजम्यात निपचित पडून आहे. लंडनवर यान घोंघावतंय, लाखो लोक भारल्यासारखे छपरांच्या कडेवर उभे, नाताळचं झाड गरगर फिरत भिंती कापत सुटलंय, आणि नायक झोपलेला. त्याला जाग येते ती थर्मासमधला चहा सांडून त्याची वाफ नाकात गेल्यावर. मग तो ड्रेसिंग गाऊनमध्येच तलवारीनं लढतो, तुटलेला हात परत उगवतो, आणि शत्रूला मारतो ते गाऊनच्या खिशात सापडलेल्या संत्र्यानं. चहानं उठायचं, दिवसभर गाऊनमध्ये वावरायचं, संत्रं खायचं आणि संध्याकाळी टीव्हीसमोर बसायचं. नाताळचा दिवस काका हुबेहूब असाच घालवतात. फक्त तलवार तेवढी नसते.

आणि त्या भागात डॉक्टर जेवतो! टेबलाशी बसतो, कागदी मुकुट घालतो. कारण त्याची सोबतीण रोझ हिची आई जॅकी त्याला विचारतच नाही. आजारी होता, घरात होता, वाढलं. सासूबाईंचा नियम इथे तंतोतंत. २००८चा भागही तसाच. १८५१ सालचं लंडन, जॅक्सन लेक नावाचा गृहस्थ. डॉक्टर नेहमीप्रमाणे सटकायला बघतो, पण हा गडी नकार ऐकूनच घेत नाही. आग्रह म्हणजे काय ते त्या व्हिक्टोरियन माणसाला बरोबर कळलेलं. डॉक्टर मुकाट्यानं त्याच्यामागून जेवायला जातो.

मध्येच एक सांगतो, नाहीतर राहील. या भागांत बर्फ पडलाच पाहिजे असा दंडक आहे, आणि पहिली तीन वर्षं तो खोटा निघाला. २००५चा बर्फ म्हणजे फुटलेल्या परग्रही यानाची राख, २००६चा डॉक्टरनं यंत्रातून पाडलेला, २००७चा पुन्हा यानातूनच सांडलेलं काहीतरी. लोक तोंडं वर करून हसताहेत आणि त्यांच्या जिभेवर पडतेय राख. पण इंग्रजांचा नाइलाज आहे. लंडनला नाताळात खरा बर्फ कुठला? इथलं हवामान खातं २५ तारखेच्या चोवीस तासांत देशात कुठेही एक कण बर्फ पडताना दिसला तरी ‘व्हाइट ख्रिसमस’ झाल्याचं जाहीर करतं. एक कण! आपल्याकडे मोजमापं एवढी कनवाळू असती, तर दुष्काळ कधीच पडला नसता. शिवाय यातले बरेचसे भाग चित्रित झाले वेल्समध्ये, ऐन उन्हाळ्यात. मफलर गुंडाळून कुडकुडणारा नट पाहिला की मला त्याच्या मानेवरचा घाम दिसतो.

२००७चा ‘व्हॉयेज ऑफ द डॅम्ड’ १ कोटी ३३ लाख लोकांनी पाहिला. अवकाशातलं टायटॅनिक जहाज, कायली मिनोग, भरपूर पडझड. मला तो भाग गोंगाटाचाच वाटतो, पण दोन गोष्टींसाठी मी त्याचे सगळे अपराध पोटात घालतो. एक म्हणजे त्यात लंडन रिकामं असतं. गेले दोन नाताळ परग्रहवासी येऊन गेले म्हणून शहाणे लोक आधीच गाव सोडून गेलेत. राहिलेत कोण, तर राणी आणि एक म्हातारा पेपरवाला. दुसरी गोष्ट म्हणजे मिस्टर कॉपर. हे प्रवाशांना पृथ्वीची माहिती देणारे वाटाडे. पदवी कुठली, तर जिथे ड्रायक्लीनिंगही होतं अशा विद्यापीठाची. ते गंभीरपणे सांगतात की दर नाताळाला इथले लोक तुर्कस्तानाशी युद्ध करतात आणि मग तुर्कांना जेवणात खातात. काकांचा हसून हसून मुकुट गळ्यात आला. मला मात्र त्या पदवीधराबद्दल आपुलकी वाटली. परदेशात पहिली दोन वर्षं आपणही इथल्या लोकांबद्दल घरी फोनवर याच अधिकारानं बोलत असतो.

सगळ्यात सुंदर भाग २०१०चा, ‘अ ख्रिसमस कॅरल’. डिकन्सच्या कंजूष म्हाताऱ्यावर बेतलेला, मायकल गॅम्बन त्या भूमिकेत. धुक्यात मासे पोहतात आणि गाडीला चक्क शार्क जुंपलेला असतो. रत्नागिरीला फोनवर हे सांगितलं तेव्हा पलीकडून विचारणा झाली, “मुशी? गाडीला? मग संध्याकाळी तिचं कालवण केलं का?” नाही म्हटल्यावर त्यांचा त्या भागातला रस संपला. माझा मात्र अजून टिकून आहे.

पुढच्या वर्षीच्या भागाचा मधला तासभर मी विसरलो आहे. शेवट विसरणं शक्य नाही. मित्रांना दोन वर्षं तोंड न दाखवलेला डॉक्टर नाताळच्या दिवशी एमी आणि रोरीच्या दारात उभा. एमी आधी झापते. मग कळतं की टेबलावर त्याचं पान आधीच मांडलंय. तो चकित होतो, मी येणार हे तुम्हाला कुठे ठाऊक होतं? ठाऊक नव्हतं. पण ती दरवर्षी मांडतात. डॉक्टरच्या डोळ्यांत पाणी येतं. मी हेही सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “मग? मी वेगळं काय सांगितलं होतं?”

२०१३ला डॉक्टरची सोबतीण क्लारा हिचा ओव्हन दगा देतो तर टर्की टार्डिसमध्ये शिजायला ठेवतात. डॉक्टर तिच्या नातेवाइकांसमोर खोटा मित्र म्हणून येतो. कपडे घातल्याचा नुसता भास, प्रत्यक्षात दिगंबर. आजीबाई सोडून बाकीचे अवघडतात. पुढे तो ‘ख्रिसमस’ याच नावाच्या गावाचं रक्षण करत शेकडो वर्षं म्हातारा होत जातो आणि शरीर बदलण्याआधी शेवटचं काय खातो, तर फिश फिंगर्स, कस्टर्डमध्ये बुडवून. हे मी रत्नागिरीला कळवायला नको होतं. बराच वेळ फोनवर काही ऐकू आलं नाही. मग: “मेल्याला कधी कुणी चार घास धड घातले नाहीत, म्हणून असलं खातो.”

अपवाद एकच, २०१५चा. रिव्हर साँग ही त्याची बायको. तिच्यासाठी तो डॅरिलियम ग्रहावरच्या रेस्टॉरंटात टेबल मागतो. चार वर्षांनी मिळेल म्हणतात. हा यानात बसून चार वर्षं पुढे जातो आणि हजर. दादरला रविवारी रात्री थाळीसाठी नंबर लावून फुटपाथवर उभं राहिलेल्याला या विज्ञानाचं मोल कळेल. आणि त्या ग्रहावरची रात्र असते चोवीस वर्षांची. म्हणजे जन्मभर दारातूनच पळालेला माणूस एकदाचा जेवायला बसला, तो चोवीस वर्षं. इतकी लांबलेली पंगत मी एकदाच पाहिलीय, आमच्या चुलतभावाच्या लग्नात. तिथे भात संपला होता.

यानंतर निर्माते बदलले आणि खास भाग १ जानेवारीला जाऊन बसला. पुढची काही वर्षं तसाच. भाग वाईट नव्हते, पण १ जानेवारीला इथल्या फ्रिजमध्ये उरलेली टर्की असते. सँडविच, सूप, शेवटी काकूंची टर्कीची करी, जिच्यात बेदाणे असतात. डॉक्टरही तसाच शिळ्यात निघाल्यासारखा वाटायचा. २०२३ला तो पुन्हा नाताळला आला, तेव्हा सैतानी बुटक्यांनी तान्ह्या बाळालाच जेवणात घेतलं होतं, आणि वर गाणं म्हणत होते. २०२४ला तर डॉक्टरचा वाढपी झाला! ‘जॉय टू द वर्ल्ड’ची सुरुवातच अशी आहे. काळाच्या हॉटेलात एकामागून एक दारं उघडून तो हॅम-चीजचा टोस्ट आणि भोपळ्याचं लाटे घेऊन हजर होतो. एक दार उघडतं ते १९५३ साली एव्हरेस्टच्या वाटेवर, हिलरी आणि तेनसिंगच्या तंबूत. पुढे त्याच भागात त्याला एका साध्या हॉटेलात वर्षभर राहावं लागतं, आणि तिथल्या अनिताशी गप्पा मारताना त्याच्या लक्षात येतं की आपल्या एवढ्या मोठ्या यानात कुणाला बसायला साधी खुर्ची नाही. साठ वर्षं ज्याला लोक ‘बस ना’ म्हणत आले, त्याला हे साठ वर्षांनी सुचलं.

काकांचं म्हणणं मात्र वेगळं. डॉक्टर सगळ्यात आधी त्यांच्याकडे येऊन गेलाय. २५ डिसेंबर १९६५ हा शनिवार होता, आणि मालिकेचा नेहमीचा वार शनिवारच. बारा भागांची भयंकर कथा चालू होती, पण नाताळच्या दिवशी कोण गंभीर बघतंय, म्हणून त्या आठवड्यात सगळा थिल्लरपणा: लिव्हरपूलकडची पोलीस चौकी, मूकपटांच्या काळातलं हॉलिवूड. शेवटी पहिला डॉक्टर विल्यम हार्टनेल हातात पेला घेऊन सरळ कॅमेऱ्याकडे वळला आणि घरी बसलेल्या प्रेक्षकांना त्यानं नाताळच्या शुभेच्छा दिल्या. काका तेव्हा पंधरा वर्षांचे. त्यांची खात्री आहे की तो त्यांच्याकडेच बघत होता. हे तपासायला आज काही साधन नाही, कारण बीबीसीनं त्या काळच्या कित्येक टेपा पुसून टाकल्या आणि त्यात ही पण गेली. परदेशी विकतानाही हा भाग वगळला होता, त्यामुळे बाहेर कुठे प्रत सापडायची आशा कमी. घरी कुणी तरी टेप करून ठेवलेला नुसता आवाज उरलाय. काका ते ऐकवतात आणि पेला कुठल्या बाजूला वळला ते बोटानं दाखवतात.

२०२५च्या नाताळला खास भाग नव्हता. मे महिन्यात शूटी गाटवाचा डॉक्टर उजळला आणि त्याच्या जागी बिली पायपर, म्हणजे जुनी रोझ, दिसली. मग निर्मितीतली डिस्नेची साथ सुटली. बीबीसीनं जाहीर केलं की आता थेट २०२६च्या नाताळला. आम्ही सवयीनं सात वाजता काकांकडे सोफ्यावर बसलो. दुसराच कसला तरी कार्यक्रम चालू होता आणि काका दरवर्षीच्याच वेळेला झोपले. ज्या बाळाला थोपटत सासूबाई इथे बसल्या होत्या, ते आता एकोणीस वर्षांचं होऊन मोबाइलवर आजीला सगळ्यांचे मुकुट दाखवत होतं.

“आला का यंदा तो उपाशी?” पलीकडून प्रश्न आला.

“नाही आला,” मी म्हणालो. “पुढच्या नाताळला यायचंय.”

“तोच येणार की नवा?”

“ते अजून नक्की नाही.”

“बरं, पण एकटा, की कुणाला बरोबर घेऊन?”

“त्यानं काय होतंय?”

“होत काही नाही. तांदूळ त्या मानानं घ्यायचे.”